चांगदेव सरांचं मैदान

सुवर्णाची बदली दौंडहून शिरूरला झाली, तेव्हा पोस्टातल्या बायका म्हणाल्या, बरं झालं, माहेरच्या गावाला चाललीस. ते अर्धंच खरं होतं. तिचं माहेर शिरूरचं नव्हे, घोडनदीच्या पलीकडच्या वाडीचं. वडील मारुतराव, तिचे अण्णा, शेवंती आणि वांगी करायचे, आणि ती रोज सायकल हाणत पूल ओलांडून शिरूरच्या शाळेत यायची. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती दौंडला गेली. नवरा विक्रम रेल्वेत होता. तीन वर्षांपूर्वी तो काविळीनं गेला. आता सुवर्णा अडतीस वर्षांची होती, मुलगी प्रांजल अकरावीला होती, आणि एस.टी. स्टँडमागच्या दोन खोल्यांत मायलेकींनी नवं बिऱ्हाड मांडलं होतं.

विक्रम गेल्यापासून पहाटे जाग आली की तिला अंथरुणात पडून राहवत नसे. दौंडला असतानाच तिनं पुन्हा पळायला सुरुवात केली होती. तिथं रेल्वेच्या क्वार्टरांच्या कडेनं सरळ रस्ता होता, त्यावरून जायचं आणि यायचं. शिरूरला सरळ रस्ता म्हणजे पुणे-नगरचा, आणि त्यावर पहाटेपासून ट्रक. म्हणून ती गावातूनच पळू लागली. रोज एक नवी गल्ली धरायची. कापड बाजारातून आत शिरलं की कुठं बाहेर पडतो, पांजरपोळाच्या भिंतीकडेनं नदीला वाट आहे का, मार्केट यार्डात मेथी-कोथिंबिरीच्या गाड्या किती वाजता लागतात, हे तिला पायांनी कळत गेलं. एक रस्ता मात्र तिनं धरला नाही. शाळेमागचा, मैदानाकडे जाणारा. तिथं आता मैदान राहिलं नाही, गाळे झालेत, असं तिनं पोस्टाच्या खिडकीवर ऐकलं होतं. ते बघायला जावंसं तिला वाटलं नाही.

दिवाळी होऊन गेली आणि थंडी पडू लागली. एके दिवशी ती हुडको कॉलनीच्या बाजूच्या एका गल्लीतून पळत होती. बुटक्या कंपाउंडच्या आत एक उंच म्हातारा माणूस पेरूच्या झाडापासून फाटकापर्यंत येरझारा घालत होता. झाड आणि फाटक यांच्यामध्ये नायलॉनची दोरी ताणून बांधलेली होती. तिच्यावरून हात सरकवत तो चालायचा, फाटकाला हात लागला की वळायचा. दोरीखालच्या मातीत चालून चालून पाऊलवाट पडली होती.

सुवर्णा फाटकासमोरून पुढं गेली आणि मागून आवाज आला, "उजवा पाय आपटतीस, बाई. गुडघा जाईल."

ती जागच्या जागी थांबली. हे वाक्य तिनं शाळेत दोन वर्षं रोज ऐकलं होतं.

"सर," ती म्हणाली, "मी सुवर्णा. पलीकडच्या वाडीची. मारुतरावांची."

म्हाताऱ्यानं मान तिरकी केली. डोळे उघडे होते, पण ते तिच्याकडे नव्हते, तिच्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडं लागलेले होते.

"अजून आपटतीसच की मग," चांगदेव सर म्हणाले.

काचबिंदूनं चार वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली होती. पी.टी.चे शिक्षक म्हणून एकतीस वर्षं नोकरी झाली होती. शाळेला स्वतःचं मैदान नव्हतं, तेव्हा त्यांनी एका जमीनदाराच्या हातापाया पडून मागची पडीक जागा मागून घेतली, स्वतः मुलांबरोबर दगड वेचले, मुरूम पसरला आणि चुन्याची फक्की मारून ट्रॅक आखला. पहाटे साडेपाचला ते मुलींना पळवायचे. गावात त्यावरून बोललं गेलं, तरी त्यांनी वेळ बदलली नाही. आता मुलगा चाकणला होता, घरी ते आणि मालनकाकू दोघंच. दृष्टी गेल्यावर सर रस्त्यावर असे पडले की मनगट मोडलं, आणि तेव्हापासून काकूंनी ती दोरी बांधून दिली होती.

पुढच्या रविवारी सुवर्णा चहाला गेली. निघताना म्हणाली, "सर, माझ्याबरोबर बाहेर चला. मी हात धरते."

"हात धरून चालवतात आजाऱ्याला," सर म्हणाले. पण मग जरा थांबून त्यांनी काकूंना हाक मारली आणि बुटाची जुनी लांब नाडी मागवली. तिच्या दोन्ही टोकांना मनगट जाईल एवढ्या गाठी मारल्या. एक टोक स्वतःच्या हातात, एक सुवर्णाच्या. "ओढायचं न्हाई. वळायचं असलं तर बोलायचं," त्यांनी बजावलं.

पहिले पंधरा दिवस ते नुसते चालले. मग चालणं भरभर झालं, आणि डिसेंबर लागता लागता सर चक्क पळू लागले. हळू, पण पळणंच. त्यांची एकच अट होती. दिसेल ते सगळं सांगायचं.

"कुठं आलो?"

"पाबळ फाट्याकडं. कंपनीच्या बसची वाट बघत पोरं उभी आहेत. दहा-बाराजण. कानटोप्या घातल्यात."

"आपली का परप्रांतीय?"

"हिंदी बोलतायत."

"डाव्या हाताला काय?"

"दुकान. बंद आहे."

"पाटी वाच की."

मग ती पळता पळता धापा टाकत पाट्या वाचायची. साई मोबाईल. माऊली कृषी सेवा केंद्र, खाली औषधांची आणि बियाण्यांची नावं. शितल ब्युटी पार्लर, पहिला मजला. सर मध्येच म्हणायचे, "त्या पार्लरच्या खाली सायकलचं दुकान होतं," आणि ती म्हणायची, "आता डेंटिस्ट आहे." ते मान हलवायचे. जुनं गाव त्यांना पाठ होतं. त्या जुन्या गावातलं एकेक दुकान उचलून ते तिथं नवं बसवत होते. कधी कधी दुसऱ्या दिवशी तेच विचारायचे, आणि तिचं चुकलं तर लगेच सांगायचे, "काल तू निळी म्हणालीस भिंत." तिला हसू यायचं. विक्रम गेल्यानंतर इतकं बारीक बघून ती कुठल्याच रस्त्यानं गेली नव्हती.

एकदा मार्केट यार्डाच्या मागे सरांनी अचानक विचारलं, "त्या दिवशी तू का आली न्हाईस?"

कुठला दिवस, हे तिला विचारावं लागलं नाही. अठराव्या वर्षी तिची राज्य स्पर्धेला निवड झाली होती. सर पहाटे स्टँडवर तिचं तिकीट काढून उभे होते, आणि ती आलीच नव्हती. पुढं महिन्याभरात लग्न झालं, आणि त्यांच्यासमोर ती कधी गेली नाही.

"दौंडचे पाहुणे बघायला येणार होते," ती म्हणाली. "आई म्हणाली, आज नको जाऊस. पण कुणी कोंडून ठेवलं नव्हतं, सर. अण्णा तर म्हणाले होते, जायचं तर जा. मीच घाबरले. हरले तर काय, आणि जिंकले तर काय, दोन्हीला."

सर त्याच लयीत पळत राहिले.

"मला वाटलं, ताप आला असंल," ते म्हणाले. "दोन गाड्या सोडल्या मी. तिसरीनं गेलो, बाकीच्या पोरी होत्या." आणि थोड्या वेळानं, "श्वास धर. बोलण्यात पाय मंदावलाय तुझा."

तेवढंच. वीस वर्षं छातीवर असलेली गोष्ट मार्केट यार्डाच्या वळणावर संपली, आणि त्या दिवशी घरी जाऊन तिनं प्रांजलसाठी सकाळी सकाळी पुरणपोळी केली. आज काय आहे, म्हणून प्रांजलनं विचारलं, तर तिनं तिच्या ताटात आणखी एक वाढली.

त्यानंतर चार दिवसांनी सर म्हणाले, "उद्या मैदानावर जाऊ."

मालनकाकू दारातच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. सर आत पाणी प्यायला गेले, तशा त्या सुवर्णाजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना त्येचं काय ठावं न्हाई. जमिनीच्या मालकाच्या पोरांच्या वाटण्या झाल्या, दोन वर्सामागं जागा इकली, गाळं झालं. आमी कुणीबी सांगितलं न्हाई. शाळेतलं मास्तर येत्यात त्यास्नीबी सांगू दिलं न्हाई. डोळं गेलं, आता ह्येबी गेलं म्हणून सांगायचं का? तू कायतरी कर बाई. पर सांगू नको."

सुवर्णा हो म्हणाली. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून म्हणाली. आणि तिला स्वतःलाही ते गाळे बघायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सांगितलं की पुढचा रस्ता खोदलाय, मागून जाऊ. चार वळणं जास्तीची घेऊन ती त्यांना गावाबाहेरच्या एका मोकळ्या जागेत घेऊन गेली. कुणीतरी तिथं प्लॉट पाडून विकायला काढले होते, पण घर अजून एकही उभं नव्हतं. जमीन सपाट होती. जागोजागी नंबराचे पांढरे दगड रोवलेले होते, त्यांच्यामधून ती सरांना जपून घेऊन आली.

"आलो?"

"आलो, सर."

सर खाली बसले. मूठभर माती उचलून त्यांनी बोटांत चुरली. "मुरूम नवा दिसतोय."

"शाळेनं टाकला म्हणे."

"कडुलिंब हाय का? कोपऱ्यातला?"

"आहे. मोठा झालाय." ते बोलताना समोर नुसता उसाचा फड आणि त्यामागून वर येणारा सूर्य होता.

"त्याच्या बुंध्याशी फक्कीचं पोतं ठेवायचो मी," सर म्हणाले. मग ते उठले आणि त्यांनी मनगटातून नाडी काढली. "तू पुढं जाऊन उभी राहा. शंभर मीटरवर. आणि आवाज दे."

तिनं दगड नसलेली एक पट्टी हेरली, चालत चालत दूर गेली, वळली आणि ओरडली, "या, सर."

ते आले. चार वर्षांत पहिल्यांदा एकटे, कुणाला न धरता. आधी हात पुढं होते, मग हात खाली आले, कोपरात वाकले, आणि त्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाची पावलं मोकळी पडू लागली. ती एकसारखी "इकडं, इकडं" म्हणत होती. ते तिच्यापाशी पोचले, तेव्हा त्यांचा श्वास लागला होता आणि चेहरा असा झाला होता की तिला त्याकडे बघवेना. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"सरळ आलो का?"

"अगदी सरळ."

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते 'मैदाना'वर जायचे. तीन आठवडे असे गेले. दर वेळी घरी सोडताना ती ठरवायची की आज सांगू, आणि दर वेळी सर काकूंना सांगत असायचे, "आज सव्वाशे पावलांत आलो." काकू तिच्याकडे बघायच्या आणि हात जोडायच्या. मग तिचं तोंड उघडायचं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परतताना ते मार्केट यार्डाच्या फाटकाशी चहाला थांबले. टपरी पप्पूची. तो सरांचाच विद्यार्थी, पस्तिशीचा, लांब उडीत तालुक्याला नंबर काढलेला. सरांच्या हातात त्यानं कप दिला आणि कळवळून म्हणाला, "सर, तुम्हाला ह्या वयात रस्त्यानं पळताना बघितलं की वाईट वाटतं बघा. ते मैदान असतं तर आज ही येळ आली नसती. माझा पोरगाबी रस्त्यावरच पळतो. त्या लोकांनी लिंबसुद्धा ठेवला न्हाई."

सुवर्णानं त्याला खुणावलं, पण उशीर झाला होता. सरांनी कप ओठाला लावला होता. तो तसाच खाली घेतला.

"कवा तोडला?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्सं झाली की, सर. गाळ्यांच्या पायाला." पप्पू सुवर्णाकडे बघू लागला. काय झालं ते त्याला कळेना.

सरांनी चहा पुरा प्यायला. मग मनगटातली नाडी काढून, गुंडाळून तिच्या हातात दिली. "पप्पू, मला घरी सोड," ते म्हणाले. जाताना त्यांनी पप्पूच्या खांद्यावर हात ठेवला होता, आजाऱ्यासारखा.

आठ दिवस फाटक उघडलं नाही. ती रोज गल्लीतून जायची. दोरीपाशीही कुणी नसायचं. नवव्या दिवशी मालनकाकू बाहेर आल्या. "माझ्याशीबी बोलत न्हाईत," त्या म्हणाल्या. "सांगू नको असं मीच तिला म्हणलं व्हतं, असं मी सांगितलं, तर म्हणले, 'तू घरातली हायेस. तिच्या हाती मी माझं डोळं दिलं व्हतं.'"

त्या संध्याकाळी पोस्टातून सुटल्यावर सुवर्णा शाळेमागच्या रस्त्यानं गेली. जिथं वळण होतं तिथं ती वळली. समोर दुमजली इमारत होती. खाली ओळीनं शटर, वर काचा. ती पुढून गेली, कडेच्या बोळातून मागं गेली, तिथं उघडं गटार होतं, आणि दुसऱ्या बोळातून पुन्हा पुढं आली. असं तिनं तीनदा केलं. जिथं तिला पहिल्यांदा छातीवर नंबर लावून उभं केलं होतं, ती जागा कुठली हे तिला शोधायचं होतं. ती सापडली नाही. एका दुकानदारानं विचारलं, "काय पाहिजे, ताई?" ती म्हणाली, "काही नाही." तिथं पायरीवर बसून ती रडली, तेव्हा तिला कळलं की इतके दिवस ती फक्त सरांना जपत नव्हती.

सकाळी ती फाटक ढकलून आत गेली. सर ओट्यावर शाल घेऊन बसले होते.

"सर, मी काल जाऊन आले," ती म्हणाली. "मी आधी गेलेच नव्हते. इथं आल्यापासून एकदाही नाही. मला बघायचं नव्हतं. तुमच्यासाठी खोटं बोलले, आणि माझ्यासाठीही."

सरांनी शाल सारखी केली. मग म्हणाले, "स्टँडवरच्या दिवसाचं खरं सांगितलंस. मी रागावलो का?"

"नाही."

"मग माझ्याच्यानं हे सोसवलं नसतं, असं तुला का वाटलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी एकटा पळालो. चार वर्षांत पहिल्यांदा. कुणाच्या रानात पळालो, मला ठाऊक न्हाई. आन् ते जाऊ दे. तू मला दोन महिने गाव दाखवलंस. आठ दिवस मी इथं बसून विचार करतोय, त्यातलं काय हाय आन् काय न्हाई. तो डेंटिस्ट हाय का? ती भिंत निळी हाय का? का तेबी मला बरं वाटावं म्हणून?"

तिला वाटलं होतं ते रागावतील. ही गोष्ट तिच्या मनात आली नव्हती. ती त्यांच्या पायांशी ओट्यावर बसली.

"ते सगळं खरं आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही का मानावं, ते मी सांगू शकत नाही."

मालनकाकू दारात उभ्या होत्या, हातात पोह्यांची ताटली घेऊन. त्यांनी ती खाली ठेवली.

"नाडी आणलीस?" सरांनी विचारलं.

ते चालतच गेले. शाळेमागच्या वळणावर तिनं सांगितलं, "उजवीकडं," आणि सर म्हणाले, "ठाऊक हाय." शटरपाशी पोचल्यावर त्यांनी हात पुढं केला. थंड लोखंडावर तळवा टेकवला आणि पन्हाळी मोजत गेल्यासारखा हात खाली नेला.

"सांग."

तिनं सांगितलं. खाली चौदा गाळे, त्यातले नऊ चालू. पाट्या वाचल्या. वर जिम आहे, तिथं काचेतून माणसं मशीनवर पळताना दिसतात. ते ऐकून सरांनी मान वर केली, जणू बघायलाच. "पळतात?" "हो. जागच्या जागी." तिनं पुढं सांगितलं. लिंबाच्या जागी पाण्याची टाकी आहे, काळी. समोर पेव्हर ब्लॉक. मागं गटार. माती कुठंही दिसत नाही. तिनं काहीही गाळलं नाही, आणि काही गोड करून सांगितलं नाही. सांगता सांगता तिचा आवाज दोनदा बसला, तेव्हा सर थांबून राहिले, तिचा आवाज परत येईपर्यंत.

मग ते म्हणाले, "कडेनं वाट हाय म्हणालीस?"

"दोन्ही बाजूंनी बोळ आहे."

"मग चल. बाहेरच्या लेननं."

पुढच्या रस्त्यानं, बोळातून, गटाराच्या कडेनं आणि दुसऱ्या बोळातून, त्यांनी एक फेरी पुरी केली. सर पळत होते, अगदी हळू. मागच्या बाजूला वास येत होता आणि तिथं पाय ठेवायला हातभर जागा होती. तिनं नाडी ओढली नाही, फक्त बोलत राहिली. दुसरी फेरी त्यांनी मागितली नाही. पुढच्या पायरीवर ते टेकले, तेव्हा शटर उघडणाऱ्या एका पोरीनं पाण्याची बाटली आणून दिली आणि विचारलं, "आजोबा, कुणाला शोधताय का?"

"न्हाई बाळा," सर म्हणाले. "सापडलं."

ते खरं होतं का, हे सुवर्णाला कधी कळलं नाही. घरी गेल्यावर त्यांनी काकूंना चहा मागितला, नऊ दिवसांत पहिल्यांदा. काकूंनी कप हातात दिला, तर त्यांनी कपाबरोबर त्यांची बोटंही थोडा वेळ धरून ठेवली. दोरी त्यांनी काढू दिली नाही. पाऊस-पाण्याला लागेल, म्हणाले.

पुढच्या सोमवारी त्यांना जुन्या पुलावर जायचं होतं. तिकडं ते दोघं अजून गेले नव्हते. पांजरपोळाच्या भिंतीपाशी थांबून सरांनी हात लावला आणि तिला रंग विचारला, आणि तिनं सांगितला. पुढं उतार लागला, तशी हवा ओली झाली.

"कुठं आलो?"

"पुलाच्या तोंडाशी. धुकं आहे, सर. पलीकडचं काही दिसत नाही. निम्माच पूल दिसतोय."

"मग निम्माच सांग," सर म्हणाले.

कठड्याचे किती दगड दिसतात ते तिनं मोजले आणि सांगायला सुरुवात केली.